स्वतःचा फोटो स्वतः कसा काढता? (अनुभव धागा)

गोकुळपेठची ताई:
आमच्या घरच्या अल्बममध्ये मी जवळजवळ नाहीच. भाच्याची मुंज, रामटेकची सहल, दिवाळीचं फराळाचं ताट, सगळं आहे, मी नाही, कारण कॅमेरा माझ्या हातात. कुणी हौसेने मागून घेऊन माझा काढलाच तर डोळे मिटलेले नाहीतर वरून डोकं कापलेलं. म्हणून मग मी माझे फोटो माझे मीच काढायला लागले आणि आता त्याची चटकच लागलीय.

तर हा धागा त्यासाठी. हात लांब करून काढलेली सेल्फी नको, ती सगळ्यांनाच येते. ठरवून काढलेला, थोडी खटपट केलेला स्वतःचा फोटो हवा. सावली, आरसा, टायमर, काच, जे काय सुचलं असेल ते. चेहरा दिसलाच पाहिजे असं काही नाही. फोटो इथे टाकायची सक्तीही नाही, कसा काढला ते मात्र नीट सांगा, म्हणजे बाकीच्यांना करून बघता येईल. फोनवाले, कॅमेरेवाले सगळे या.

आणि हे खूळ आजचं नाही बरं का. फिलाडेल्फियात दिव्यांचा घरचा धंदा असलेला रॉबर्ट कॉर्नेलियस नावाचा तरुण होता, त्याने १८३९ मध्ये डग्युरोटाइपवर, म्हणजे फ्रान्सच्या डागेरने काढलेल्या चांदीच्या पत्र्यावरच्या पद्धतीने, स्वतःचा फोटो काढला. केस विस्कटलेले, हाताची घडी, मान जराशी एका बाजूला, चेहऱ्यावर 'आलं का रे आलं का' असा भाव. त्याच्या पुढच्याच वर्षी इप्पोलित बायार या फ्रेंच माणसाने स्वतःला पाण्यात बुडून मेलेला दाखवलं. फोटो काढायची रीत आपणही शोधली आणि सगळा मान मात्र डागेरला गेला याचा राग, फोटोच्या मागे तसं लिहूनसुद्धा ठेवलं. म्हणजे रुसून फोटो टाकायची पद्धत १८४० पासून आहे! आणि आपल्याकडे अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंह, ते तर कितीतरी दशकं स्वतःला वेगवेगळ्या पोशाखात, योगासनात वगैरे टिपत राहिले.

सुरुवात म्हणून माझी एकच साधी गोष्ट सांगते. हाताच्या अंतरावरून नाक भलतं मोठं येतं आणि कान मागे पळतात, तो दोष नाकाचा नाही, अंतराचा आहे. फोन सहासात फूट लांब ठेवा, मागचा कॅमेरा वापरा, दोन पट झूम करा, टायमर लावा. स्वतःचा चेहरा पहिल्यांदा ओळखीचा वाटेल.

या आता.

फिरस्ता एमआर:
मी औषधाच्या कंपनीत एमआर आहे. एरिया वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया. घर नागपुरात मानेवाड्याला पण निम्म्या रात्री लॉजवर. रात्री नऊला डॉक्टरांचे कॉल संपतात, जेवण होतं, आणि मग खोलीत एक पलंग, एक टीव्ही ज्याचा रिमोट काउंटरवर मागावा लागतो, आणि एक आरसा.

ताई, तुम्ही कधी लॉजचे आरसे नीट पाहिलेत का? त्यावर टिकल्या असतात. कुणीतरी बाई रात्री झोपताना कपाळावरची काढून आरशाला लावते आणि सकाळी बस पकडायच्या घाईत तिथेच राहते. साफसफाई करणारा पोरगाही ती काढत नाही, फडका तिच्या कडेकडेने फिरवतो. मरून, काळी, लांबट, खड्याची, कुठे कुठे चार चार.

मी काय करतो, आरशासमोर असा उभा राहतो की ती टिकली बरोबर माझ्या कपाळावर येईल. किंवा दोन टिकल्या असल्या तर दोन डोळ्यांवर. एका आरशात एकच होती आणि फार खाली होती तर गुडघ्यावर बसून हनुवटीवर घेतली. दाढी वाढलेली, दिवसभराचा घामेजलेला फॉर्मल शर्ट, गळ्यात टाय सैल आणि कपाळावर खड्याची टिकली.

यात एक टेक्निकल भानगड आहे जी कामाची आहे. आरसा तुमच्यापासून तीन फुटांवर असेल तर टिकली तीन फुटांवर पण तुमचं प्रतिबिंब सहा फुटांवर असतं, कॅमेऱ्यासाठी ते काचेच्या मागे तेवढंच आत आहे. त्यामुळे टिकलीवर फोकस केलं की मी धूसर आणि माझ्यावर केलं की टिकली धूसर. फोनमध्ये दोन्ही बऱ्यापैकी चालून जातं, कॅमेऱ्यात लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) बारीक करावं लागतं, एफ ८ च्या पुढे (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक). मला स्वतःला टिकली कडक आणि मी धूसर हेच जास्त आवडतं.

बायकोने हे फोटो पहिल्यांदा फोनमध्ये पाहिले तेव्हा तिचा पहिला प्रश्न फोटोग्राफीबद्दल नव्हता.

गोकुळपेठची ताई:
दादा, हसून हसून पुरेवाट झाली. वहिनींना हा धागा दाखवा, पुरावा म्हणून.

बर्डीवाली:
मी बँकेत आहे. संध्याकाळी सुटल्यावर बर्डीच्या (सीताबर्डीच्या) मेन रोडने मेट्रोपर्यंत चालत येते आणि येताना साड्यांच्या दुकानांच्या काचांमध्ये स्वतःला पकडते. व्हिव्हियन मायरचे फोटो पाहिल्यापासून हे लागलं. ती शिकागोत मुलं सांभाळायचं काम करायची, गळ्यात रोलिफ्लेक्स कॅमेरा अडकवून हिंडायची, काचेत, आरशात, सावलीत स्वतःला टिपायची आणि कुणाला दाखवायची नाही. २००७ मध्ये तिचं सामान लिलावात गेलं तेव्हा ते बाहेर आलं आणि २००९ मध्ये ती गेली, नाव झालं ते सगळं नंतर.

तिच्या फोटोत ती ताठ उभी आणि चेहरा मोकळा दिसतो कारण त्या कॅमेऱ्यात वरून खाली बघायचं असतं, कॅमेरा छातीशी. आपण फोन तोंडासमोर धरतो म्हणून काचेतल्या फोटोत डोक्याच्या जागी फोन येतो. मी फोन पोटाशी धरते, पर्सला टेकवून, आणि आवाजाच्या बटणाने क्लिक करते. थोडे वाकडे येतात, येऊ देत.

आता गंमत ऐका. काचेत तुमच्या अंगाचा जो भाग गडद असतो ना, त्यातून दुकानाच्या आतलं दिसतं, आणि जो उजळ असतो तो आतलं झाकून टाकतो. म्हणजे पांढरी ओढणी घेतली की नुसती ओढणीच दिसते, आणि काळा कुर्ता घातला की कुर्त्याच्या आत पैठणी उलगडते. हे कळल्यावर मी चक्क कपडे त्या हिशेबाने घालायला लागले. काळा कुर्ता, गळ्यापासून खाली सगळा पुतळ्याचा शालू, वर माझं दमलेलं तोंड, आणि खांद्याच्या जागी '५० टक्के सूट' ची पाटी. आत दिवे लागलेत आणि बाहेर अजून उजेड आहे अशी वीसेक मिनिटंच हे जमतं, हिवाळ्यात सहाच्या आधी आणि मेमध्ये सात वाजता. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) असेल तर काढून ठेवा, तो प्रतिबिंबच खाऊन टाकतो.

एका दुकानदाराला वाटलं मी साडीचे भाव घेतेय. बाहेर आला आणि म्हणाला, या ना ताई आत, पाहायचे पैसे नाही लागत. त्याला म्हटलं भाऊ मी मलाच पाहून राहिली. त्याने एकदा काचेत पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दिव्याचं बटण दाबून आतला लाइट वाढवून दिला. असे लोक आहेत आपल्या बर्डीत.

एमआयडीसीतला:
मी हिंगण्याले कंपनीत आहो, शिफ्टमंदी. माह्याकडं कॅमेरा नाही, फोन हाये तो पण पोट्ट्याच्या शाळेच्या ग्रुपानं भरलेला. मी फक्त सावलीचे काढतो.

सकाळी सातच्या शिफ्टले जातानी सावली लांबच लांब, रस्त्याच्या पार पल्याड. डब्बा हातात, त्याची पण सावली. कधी ट्रकवर पडते, कधी भिताडावर चढते, कधी कुत्र्यावर. फोटोत मी कधीच नाही पण पाहणारा म्हणते हा तूच बे, चालण्यावरून ओळखते. सावलीचा फोटो काढाचा तं फोन पोटाजवळ धरजा, डोक्याजवळ धरला तं हाताचे दोन कान निंगते डोक्याले. आणि उन्हाले मापून घ्याले स्क्रीनवर बोट उजेडाच्या जागी ठेवजा, नाही तं सावली करडी येते, काळी येत नाही.

आता खास गोष्ट सांगून राहिलो. आपल्या नागपुरात वर्षातून दोनदा सावली गायब होते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, २६ तारखेच्या आसपास, दुपारी बारा वाजून दहा मिनिटाच्या आगेमागे सूर्य बरोबर डोक्यावर येते, उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखालीच. जुलैत परत होते पण तवा आभाय असते, दिसत नाही. आपण कर्कवृत्ताच्या खाली आहो म्हणून हे होते, दिल्लीवाल्याले पूर्ण जन्मात पाहाले नाही भेटत.

तं मी त्या दिवशी सुट्टी टाकतो. बायको म्हणते कायले, लग्न आहे का कोणाचं. म्हटलं सावलीचं आहे. फोन गच्चीच्या पाण्याच्या टाकीवर दोरीनं बांधतो, तोंड खाली, टायमर लावतो, आणि खाली सिमेंटवर उभा राहतो. वरतून फक्त डोकं, खांदे आणि चपला दिसते, बाजूले काहीच नाही. टाकीची सावली नाही, वाळत घातलेल्या मिरच्याची नाही, माही नाही. एवढे सावलीचे फोटो काढणारा माणूस आणि हा एक बिनासावलीचा. फोन उन्हात ठेवजा नका पहिलेपासून, तापला का बंद पडते, शेवटच्या दोन मिनिटाले बाहेर काढजा. आणि डोक्यावर ओला दुपट्टा. शहाणपणा नाही करायचा मे महिन्यात.

गोकुळपेठची ताई:
भाऊ, यंदा २६ मेला मी गच्चीवर! आमच्याकडे कूलरची टाकी आहे उंच, तिच्यावरच बांधते.

महालची पोर्ट्रेटवाली:
मी शिकतेय, चित्रकला. आजीचा महालात जुना वाडा आहे, अर्धा पडलाय, अर्ध्यात आजी राहते. मागच्या खोलीला एकच खिडकी आणि भिंतीचे पोपडे निघालेले. फ्रान्सेस्का वुडमन या अमेरिकन फोटोग्राफरने असल्याच रिकाम्या पडक्या खोल्यांमध्ये स्वतःचे फोटो काढलेत सत्तरच्या दशकात, शटर हळू, म्हणजे बराच वेळ उघडं ठेवून, ती त्यात अर्धी विरघळलेली दिसते. बावीस वर्षांची असताना गेली ती. मला तिची नक्कल करायची नव्हती पण हळू शटरचं गणित शिकायचं होतं.

गणित असं: आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १००, एफ ११, आणि शटर दोन सेकंद, खोली अंधारी असेल तर चार. दोन सेकंदांपैकी जितका वेळ तुम्ही स्थिर तितक्या तुम्ही ठळक. म्हणजे सव्वा सेकंद गप्प बसा आणि मग डोकं झटक्यात फिरवा, तर चेहरा दिसतो आणि त्यातून एक धुरकट केसांचा पट्टा निघतो. सुरुवातीलाच हललात आणि मग थांबलात तरी चालतं, कॅमेऱ्याला आधी काय नंतर काय कळत नाही. पाय हलवू नका, पाय ठळक आणि वरचं धूसर हे जास्त भीतीदायक दिसतं. गडद कपडे मागच्या गडद भिंतीत मिसळून जातात आणि नुसतेच हात तरंगतात, ते मला पाहिजे होतं.

फोकसचं काय, तर मी बसणार त्या स्टुलावर आधी झाडू उभा करून ठेवायचा, त्यावर फोकस करून लॉक करायचं, मग झाडू काढून आपण बसायचं. हे मी करत होते तेवढ्यात आजी आली. लक्ष्मीला उभी काय करून ठेवलीस गं, म्हणाली, आणि झाडू काढून घेऊन गेली, परत द्यायलाच तयार नाही. मग म्हणाली तुला काहीतरी उभं पाहिजे ना, मी बसते. आणि बसली. नऊवारी, हातात जपमाळ, एकदम ताठ. फोकस झाल्यावर म्हटलं आजी आता ऊठ, तर उठेना, म्हणे आता माझाही काढ. टायमर सुरूच होता. त्या फोटोत आजी पूर्ण ठळक आहे कारण ती दोन सेकंद काय दोन तास हलली नसती, आणि तिच्या मागून मी पळतेय तो एक पांढरट ढग. कॉलेजच्या सबमिशनला सेल्फ पोर्ट्रेट म्हणून तोच दिला. सरांनी विचारलं यात तू कुठे आहेस. म्हटलं तो ढग.

कशाला हे:
एवढा वेळ कुठून मिळतो लोकांना.

बर्डीवाली:
मेट्रोची वाट बघताना मिळतो.

दोन रंगांची:
वाचत होते फक्त, पण लिहावंसं वाटलं. माझ्या मानेवर, दोन्ही हातांवर आणि डाव्या डोळ्याभोवती कोड आहे. कॉलेजमध्ये असताना सुरू झालं. आमच्याकडे ते कोणी नाव घेऊन बोलत नाही, 'ते' म्हणतात. फोटो काढताना मामी हळूच उजव्या बाजूला उभं करायच्या, म्हणजे डावा डोळा मागे जाईल.

मी स्वतःचे फोटो काढायला लागले ते आधी चिडूनच. फोन बदलला होता, पुढच्या कॅमेऱ्याने काढला तर चेहरा एका रंगाचा! डोळ्याभोवतीचं सगळं गुळगुळीत पुसून टाकलेलं. म्हणजे मामींना जे इतकी वर्षं जमलं नाही ते फोनने न विचारता एका झटक्यात केलं. तो ब्युटी मोड असतो, बऱ्याच फोनमध्ये आधीपासूनच चालू असतो, सेटिंगमध्ये जाऊन शून्य करा. दुसरं म्हणजे उजेड पांढऱ्या भागावर मापायचा. कॅमेरा सावळ्या भागावर मापतो आणि पांढरा भाग जळून जातो, त्यात कातडीचे बारीक पोतच येत नाहीत. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडं खाली ओढलं की दोन्हीकडचं येतं, तीळ, लव, सगळं.

मग एक सुचलं. त्वचेचे डॉक्टर अंधार करून एका निळ्या जांभळ्या दिव्याने तपासतात, वुड्स लॅम्प, साधारण ३६५ नॅनोमीटरचा अतिनील उजेड. ज्या कातडीत रंगद्रव्य नाही ती त्यात निळसर पांढरी चमकते. पहिल्यांदा तपासलं तेव्हा मी माझे हात पाहिले होते आणि ते विसरता येत नव्हतं. नोटा तपासायला दुकानदार वापरतात ना तो टॉर्च, तसला ३६५ वाला मी इतवारीतून आणला (३९५ वाला स्वस्त मिळतो पण त्यात जांभळा उजेडच फार, चमक बुडते). डॉक्टरांना आधी विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं की डोळ्यांवर मारायचा नाही, आणि ती कातडी लवकर भाजते म्हणून काही सेकंदच. तुम्हीही कुणी करणार असाल तर डोळे घट्ट मिटून किंवा अतिनील अडवणारा चष्मा लावून, आणि विचारल्याशिवाय नाही.

रात्री खिडकीला चादर, फोन स्टँडवर, प्रो मोड (सगळं आपण हाताने ठरवायचं तो), शटर दोनेक सेकंद, आयएसओ ८००. बहिणीने टॉर्च बाजूने फिरवला. फोटोत मी जवळजवळ नाहीच, खोलीच्या काळ्यात फक्त ते ते भाग उजळलेत. मानेवर एक लांब, हातांवर बोटांच्या टोकांपासून वर चढत गेलेले, आणि डोळ्याभोवती एक पूर्ण गोल. आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली हा कुठल्या देशाचा नकाशा गं.

मोठा प्रिंट काढून हॉलमध्ये लावलाय. स्थळवाले येतात, सोफ्यावर बसतात, पोह्यांची प्लेट हातात येईपर्यंत भिंतीकडे बघतात. विचारतात काय आहे हे. मी सांगते. पुढचं बोलणं लवकर आटोपतं, एकदा तर पोह्यांच्या आधीच आटोपलं, पण आमचा वेळ वाचतो. एक जण मात्र टॉर्च किती नॅनोमीटरचा म्हणून विचारत बसला. बघू.

फिरस्ता एमआर:
ताई, तो नॅनोमीटरवाला हातचा सोडू नका.

झेरॉक्सवाला:
माझं कोर्टाजवळ झेरॉक्स अन डीटीपीचं दुकान आहे. गर्दी नसली की मी तोंड स्कॅनरवर ठेवतो. डोळे बंद. हसू नका, खरंच करून पहा. जुना सीसीडीवाला स्कॅनर पाहिजे, जाड असतो तो, त्यात काचेपासून थोडं दूरचंही बऱ्यापैकी दिसतं. आताचे पातळ सीआयएसवाले, त्यात काचेला टेकलेलं नाक तेवढं साफ आणि कान लगेच गायब. दिवा हळूहळू सरकत असतो तर तो गालावर असताना मान थोडी सरकवली की चेहरा लांब ताणला जातो. ३०० डीपीआयला पटकन होतं, ६०० ला हळू जातो म्हणून ताणायला मजा येते. नंतर काच पुसायची, नाहीतर वकील साहेबाच्या शपथपत्रावर गालाचा ठसा येते.

निवृत्त रसायन:
नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. कॅमेरा न वापरता स्वतःचे चित्र काढायचे असेल तर सायनोटाइप, म्हणजे उन्हाने उमटणारा निळा ठसा, करून पाहा. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ मध्ये ही पद्धत काढली. अमोनियम फेरिक सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलि पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलि पाण्यात, दोन्ही समप्रमाणात मिसळून मंद पिवळ्या दिव्यात सुती कापडाला ब्रशने लावायचे आणि अंधारात वाळवायचे. जिथे ऊन लागते तिथे प्रशियन ब्लू तयार होतो, जिथे सावली तिथले रसायन पाण्याने धुऊन जाते आणि कापड पांढरे राहते. हातमोजे घाला. फेरिसायनाइड कुठल्याही तीव्र ॲसिडजवळ नेऊ नका, विषारी वायू निघतो. हे मी वर्गातही तीन तीन वेळा सांगत असे.

हाताचे, चष्म्याचे, पानांचे ठसे करून झाल्यावर मला पूर्ण माणूस करायची इच्छा झाली. सुझन वाइल या चित्रकर्तीने आणि चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गने १९५० च्या सुमारास ब्लूप्रिंटच्या कागदावर माणसे झोपवून असे ठसे घेतले होते, ते वाचलेले होते. एका जुन्या पलंगपोसाला रसायन लावले. जानेवारीतला दिवस घेतला, कारण एप्रिलमध्ये आपल्या गच्चीवर आडवे होणे म्हणजे पापड होणे. सकाळी दहाला कापड अंथरले, मी वर आडवा झालो, हात पसरले, सौभाग्यवतींनी तोवर वर काळी घोंगडी धरली होती ती ओढून घेतली आणि वेळ लावली. वीस मिनिटे. मधे माशी बसली. "अहो, हलू नका," एवढेच त्या दर दोन मिनिटांनी म्हणत होत्या. समोरच्या गच्चीवर धुणे वाळत घालणाऱ्या वहिनींनी हे सगळे पाहिले आणि घाबरून हाक मारली, काकू, काकांना बरं नाही का? सौभाग्यवती म्हणाल्या, बरे आहेत, छापायला टाकले आहेत.

टबात स्वच्छ पाण्याने पिवळेपणा जाईपर्यंत धुतले, शेवटच्या पाण्यात थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की निळा रंग लगेच गडद होतो, एरवी हवेवर एक दिवस लागतो. खांदे, कंबर, टाचा जिथे कापडाला टेकल्या तिथल्या कडा कडक आल्या. मानेखाली आणि गुडघ्यांखाली ऊन शिरले तिथे मऊ निळी झाक. पोटाचा घेर अपेक्षेपेक्षा बराच प्रामाणिक आला. हे कापड कपडे धुण्याच्या पावडरीने धुऊ नका, अल्कलीने निळा रंग उडतो.

दोन रंगांची:
"छापायला टाकले आहेत"! काका, काकूंना साष्टांग नमस्कार.

वरातीचा धनी:
माझा प्रकार जरा फाजील आहे. मी एकटाच पण फोटोत आख्खी वरात. मीच नवरा, मीच नवऱ्याचा बाप, मीच रुसलेले फुफाजी, मीच कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोकं घातलेला मावसभाऊ, आणि मीच तो एक माणूस जो प्रत्येक लग्नात असतो आणि कोणाचा ते कुणालाच माहीत नसतं.

ट्रायपॉड एकदा लावला की हात लावायचा नाही. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही मॅन्युअल, एकही ऑटोवर राहिला की दोन फोटो जुळवताना भिंतीचा रंग बदलतो. दर दहा सेकंदांनी क्लिक होईल असं इंटरव्हलवर लावायचं आणि जागा बदलत जायचं, कपडे बदलायला जास्त वेळ लागतो तेवढे फोटो रिकाम्या खोलीचे येतात, ते ठेवा, जोडताना कामी येतात. मग फोटो एडिटिंगच्या ॲपमध्ये सगळे फोटो एकावर एक थर (लेअर्स) करून ठेवायचे आणि मास्कने, म्हणजे हवा तेवढाच भाग दाखवून, एकेक 'मी' उघडायचा. एकमेकांवर चढू द्यायचं नाही, आणि सावलीचं भान ठेवा. फुफाजींची सावली नवऱ्याच्या पायावर पडायला पाहिजे तर ती खरंच पडेल असं काहीतरी तिथे उभं करा, मी कूलरचा खोका ठेवला होता. पंखा बंद, पडदे बांधलेले, आणि संध्याकाळचा खिडकीचा उजेड अजिबात घेऊ नका, तो पाच मिनिटांत बदलतो आणि बाप दुपारचा आणि पोरगा रात्रीचा दिसतो.

सगळ्यात अवघड काय तर नजर. नवरा बापाकडे बघतोय पण तिथे तर कोणी नाही, भिंत आहे. मी बापाच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टीचे तुकडे लावले, प्रत्येकावर नाव. तेव्हापासून माझ्या वरातीतले लोक खरंच एकमेकांकडे बघतात.

पुष्पमाला एन. या बेंगळुरूच्या कलाकार आहेत, त्यांचं काम पाहा ज्यांना वेषांतराची आवड आहे त्यांनी. जुने स्टुडिओ फोटो, सिनेमाच्या नट्या, कॅलेंडरच्या देवी, सगळ्या भूमिकांत त्या स्वतः. आणि जयपूरचे महाराजा रामसिंह दुसरे, ते तर एकोणिसाव्या शतकातच शिवभक्ताच्या वेषात स्वतःचे फोटो काढत होते. माझे फुफाजी म्हणजे त्याच घराण्यातले असं मी मानतो.

नवीन ताई:
मी सगळं वाचलं, खूप भारी. माझा प्रश्न फार साधा आहे. दहा सेकंदांच्या टायमरमध्ये मी जागेवर पोहोचतच नाही, गुडघे दुखतात, आणि पोहोचले तरी फोटोत धापा टाकतानाच येते. काही उपाय?

एमआयडीसीतला:
ताई, वायरवाला हेडफोन लावा फोनले, त्याच्यावरचं आवाज वाढवाचं बटन दाबलं का बहुतेक फोनात फोटो निंगते. वायर पदराखालून घ्या.

वरातीचा धनी:
ब्लूटूथचं छोटं बटण मिळतं, दोनेकशे रुपयांच्या आसपास. मुठीत मावतं. दाबून दोन सेकंदांचा टायमर ठेवला तर हात खाली घ्यायलाही वेळ मिळतो.

महालची पोर्ट्रेटवाली:
किंवा पळूच नका. ४के व्हिडिओ सुरू करा, आरामात जाऊन बसा, पाणी प्या, हवं तसं बघा, मग त्यातली आवडलेली फ्रेम काढून घ्या. एक फ्रेम साधारण ८ मेगापिक्सेलची असते, आठ बाय बारा इंचांचा प्रिंट मस्त निघतो. फक्त उजेड भरपूर पाहिजे, नाहीतर मान हलताना फ्रेम धूसर येते. आणि फोनची जागा किती शिल्लक आहे ते आधी बघा.